झिजलेलं अक्षर आणि झिजवलेलं अक्षर

मे महिन्याच्या संध्याकाळी, धुळ्यात, अक्षरांवरचं व्याख्यान ऐकायला इतकी माणसं येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. सभागृहात कूलर आहे म्हणून आलात असंही असेल, पण आलात ते बरं झालं. (हशा)

विषय एका प्रकारच्या फॉन्टचा आहे. सुरुवात मात्र एसटीपासून करतो. 'आम्ही' म्हणजे पाट्या वाचत फिरणारे दोघं-तिघं. पोटापाण्याला पत्रिका, पोस्टरं, पुस्तकांची मुखपृष्ठं करतो. आज जळगावहून निघालो, खिडकीशी बसलो, आणि पाळधी, एरंडोल, पारोळा असं करत, रस्त्याच्या दोन्ही बाजू वाचत धुळ्यात उतरलो.

पारोळ्याच्या अलीकडे एक ढाबा लागला. नवाकोरा. बाहेरच्या खुर्च्यांचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. पाटीवर लिहिलेलं होतं, 'अस्सल खान्देशी शेवभाजी'. खाली बारीक अक्षरांत 'भरीत, कळण्याची भाकरी'. आणि ही अक्षरं कशी? भेगा पडलेली, कडा कुरतडलेली, मध्येच रंग उडालेली. जणू ही पाटी साठ-सत्तर वर्षं ऊन-पाऊस खात उभी आहे. ढाब्याचं वय एक महिना, अक्षराचं वय सत्तर वर्षं.

आमच्यातल्या एकाने मोबाईलवर फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, "दोन्ही श बघा." 'खान्देशी'तल्या श ला डाव्या बाजूला एक तिरपी चीर होती. 'शेवभाजी'तल्या श ला तीच चीर, त्याच जागी, तेवढीच लांब. भाजीतला भ, भरीतला भ, भाकरीतला भ, तिघांच्याही पोटात एकच खड्डा. खरी झीज अशी कधी नसते. एकाच घरातल्या तीन भावांच्या गुडघ्यांवर हुबेहूब एकच व्रण असेल, तर आपण म्हणू की हे पडले नाहीत, कुणीतरी रंगवलेत.

आजचं बोलणं या रंगवलेल्या व्रणाबद्दल आहे.

*

आधी हे प्रकरण काय आहे ते बघू. फ्लेक्सच्या दुकानात याला 'रफ फॉन्ट' म्हणतात, कुणी 'तुटका फॉन्ट' म्हणतं. हा मथळ्याचा टाईप आहे. म्हणजे दोन-चार शब्द मोठे दाखवायचे, परिच्छेद लावायचा नाही. करायची पद्धत साधी आहे. स्वच्छ अक्षर घ्यायचं, कमी शाईने खरखरीत कागदावर छापायचं, किंवा झेरॉक्सची झेरॉक्स काढत जायचं, इतक्यांदा की कडा खचतात. मग ते स्कॅन करून संगणकाकडून त्याची बाह्यरेषा काढून घ्यायची. ज्याला एवढा वेळ नाही तो स्वच्छ अक्षरावर भेगांचं चित्र टाकतो आणि मोकळा होतो. आपल्याकडची बहुतेक कामं या दुसऱ्या पद्धतीने होतात.

हे खूळ नवं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत बर्न नाडाल नावाच्या माणसाने एक टाईप काढला. कडा खडबडीत, जुन्या छपाईसारख्या. पहिलं नाव 'फिफ्टीन्थ सेंच्युरी', म्हणजे पंधरावं शतक. पुढे तोच 'कॅस्लन अँटिक' नावाने विकला गेला. कॅस्लन हा अठराव्या शतकातला प्रसिद्ध इंग्रज टाईपकार. त्याच्या अक्षरांशी याचा संबंध नाही. म्हणजे वयही खोटं आणि आडनावही उसनं! तरी 'ले मिझराब्ल' या संगीतिकेच्या नावासाठी तोच टाईप वापरला गेला आणि जगभर ओळखीचा झाला. मग १९९० च्या दशकात संगणकावर अक्षरं मोडायची लाटच आली. १९९१ मध्ये एरिक व्हान ब्लोकलंड यांनी 'ट्रिक्सी' काढला, तो जुन्या टाईपरायटरच्या मळलेल्या अक्षरांवरून. डेव्हिड कार्सन 'रे गन' मासिकाची पानं फाडल्यासारखी लावत होते. त्या मुलांचं भांडण समोरच्या गुळगुळीत जाहिरातींशी होतं. सगळं चकचकीत झालंय, म्हणून आम्ही खरवडतो, असं त्यांचं म्हणणं. पटो न पटो, पण म्हणणं होतं.

आपल्याकडे हा फॉन्ट आला तेव्हा ते भांडण मागे राहिलं आणि नुसत्या भेगा आल्या. पारोळ्याजवळच्या त्या ढाब्याचं कुणाशी भांडण आहे? त्याला फक्त 'आम्ही अस्सल आहोत' एवढंच सांगायचंय. मग अस्सल म्हणजे फुटलेलं, हे कुणी ठरवलं?

*

याच धुळ्यात, आग्रा रोडच्या आतल्या एका गल्लीत, एका जुन्या पेंटरकाकांकडे आम्ही मागे गेलो होतो. सत्तरी ओलांडलेली. आता काम फारसं नाही. मधूनमधून ट्रकचे नंबर, एखाद्या शाळेची भिंत. त्यांना मोबाईलवर असाच एक रफ फॉन्ट दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं, आणि म्हणाले, "भाऊ, अक्षर आपलंआप जुनं व्हस. तुमले कसानी घाई शे?"

अक्षर आपोआप जुनं होतं, तुम्हाला कसली घाई आहे? आम्ही हसलो. पण काका तेवढ्यावर थांबले नाहीत. आम्हाला घेऊन गल्लीत आले आणि एकेक पाटी वाचायला लागले. मजकूर नव्हे, झीज. ही खालची ओळ गेली, कारण दुकानदार रोज सकाळी ओट्यावर पाणी मारतो, शिंतोडे तिथपर्यंत उडतात. ही डावीकडची अक्षरं फिकी, कारण पश्चिमेचं ऊन तिथेच येतं. उजवीकडे शेजारच्या छपराची सावली. इथला लाल उडाला, काळा राहिला. आणि हे बघा, पांढऱ्याखाली निळं दिसतंय, ते आधीच्या दुकानाचं नाव. दुकान किराण्याचं होतं, मग मुलाने मोबाईलचं केलं.

पाच मिनिटांत त्या माणसाने एका गल्लीचा तीस-चाळीस वर्षांचा इतिहास सांगितला, आणि तो सगळा पाटीच्या खराब झालेल्या भागातून. खरी झीज बोलते. ऊन कुठून आलं, पाणी कुठून आलं, हात कुठे लागला, हे ती सांगते. एसटीच्या जुन्या पत्र्याच्या पाट्या आठवा. 'धुळे' लिहिलेल्या पाटीच्या कोपऱ्यातला रंग गेलेला असायचा, कारण कंडक्टर ती तिथेच धरून काढायचा, घालायचा. कोपरा गेला, नाव राहिलं.

रफ फॉन्टची झीज यातलं काही सांगत नाही. पारोळ्याच्या पाटीवरची चीर कुठल्या उन्हाने पडली? कुठल्याच नाही. ती फाईलमध्ये होती.

आणि गंमत बघा, फ्लेक्सलासुद्धा स्वतःची खरी झीज आहे. आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. त्या उन्हात फ्लेक्सच्या चार शायांपैकी पिवळी आणि किरमिजी आधी मरते. निळी आणि काळी टिकते. म्हणून वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सवरचे सगळे नेते दोन उन्हाळ्यांत निळे पडतात. (हशा) म्हणजे त्या ढाब्याची पाटी दोन वर्षांनी कशी दिसेल? तपकिरी मातीचा रंग जाऊन निळसर होईल, आणि छापलेल्या भेगा मात्र जशाच्या तशा. सोंग तसंच उभं, आणि खरं म्हातारपण भलत्याच बाजूने आलेलं.

*

आता मुद्दा देवनागरीचा. आम्हाला वाटतं, यावर हा फॉन्ट वापरणाऱ्यांनी थोडं थांबावं.

रोमन अक्षराला चार भेगा पडल्या तरी ते बहुतेक वेळा ओळखू येतं. आपल्या लिपीत मात्र अर्थ फार लहान जागांत बसलेला असतो. म आणि भ, घ आणि ध, या जोड्या बघा. फरक कुठे आहे? डोक्यावरची रेघ सलग आहे की तुटलीय, आणि डावीकडे एक छोटी गाठ. रफ फॉन्ट नेमकी शिरोरेघच कुरतडतो. घ ची रेघ तुटली की 'घर' हे 'धर' व्हायला लागतं. भ च्या डोक्यावरची फट शाईच्या डागाने बुजली की 'भात' हा 'मात' होतो. ब च्या पोटातली तिरपी रेघ खरवडली गेली की 'बारा' चा 'वारा'. वाक्यात असेल तर संदर्भ आपल्याला सांभाळून घेतो. पण मथळ्यात वाक्य नसतं, नाव असतं. आणि नावाला संदर्भ नसतो.

दुसरी गोष्ट अनुस्वाराची. खिळ्यांच्या छपाईतही हे दुखणं होतं. रफार, वेलांट्या, मात्रा यांचे खिळ्याबाहेर आलेले नाजूक भाग तुटायचे, आणि चांगला जुळारी तुटका खिळा दिसला की बाजूला टाकायचा. ती त्याची लाज होती. आज आपण तो तुटका खिळा मुद्दाम बनवतो. अनुस्वार हा एक टिंब. रफ फॉन्ट काय करतो? असलेली टिंबं खातो आणि नसलेली उडवतो. वाचणाऱ्याला कळत नाही की हा ठिपका भाषेचा की धुळीचा.

यात सर्वांत जास्त मार कुणाला बसतो, तर बोलीला. कारण छापील प्रमाण मराठीत जिथे 'सोने, गाणे, केले' असं मात्रेवर भागतं, तिथे बोलण्याच्या रूपांत 'सोनं, गाणं, केलं' असा सगळा भार त्या एका टिंबावर असतो. ते गेलं की 'गाण', 'सोन', 'केल' उरतं. म्हणजे जो फॉन्ट 'मातीतल्या' भाषेसाठी म्हणून निवडला जातो, तोच त्या भाषेचं टिंब आधी पळवतो.

हे आम्ही दुसऱ्यांना शहाणपण शिकवायला सांगत नाही. हा गुन्हा आमचाच आहे. काही वर्षांपूर्वी एका बोलीभाषेतल्या कविसंमेलनाचं पोस्टर आमच्याकडे आलं. आम्ही जोशात होतो. तपकिरी पार्श्वभूमी, भेगाळलेली जमीन, त्यावर भेगाळलेलं अक्षर. संयोजक खूश. छापून आलं, लागलं. आणि एका कवयित्रीबाईंच्या नावापुढे, जिथे 'भडगाव' हवं होतं, तिथे लोकांनी 'मडगाव' वाचलं. बाई चाळीसगाव फाट्यावरून एकदम गोव्याला! (हशा)

आम्हीही तेव्हा असेच हसलो. संमेलन संपल्यावर त्याच बाई आमच्याजवळ आल्या. चिडलेल्या नव्हत्या. पोस्टरकडे बोट दाखवून त्यांनी फक्त विचारलं, "आमनी बोली फुटेल शे का?"

आमची बोली फुटलेली आहे का? उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर आजचं हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचं उशिराने दिलेलं उत्तर आहे.

*

त्या प्रश्नानंतर आम्ही पोस्टरं वेगळ्या नजरेने बघायला लागलो. बँकेची जाहिरात, इंग्रजी शाळेचा प्रवेश, नवीन दवाखाना, सोन्याची पेढी, सगळीकडे अक्षर स्वच्छ, धारदार. भेगा कुणाच्या वाट्याला? शेवभाजीच्या, भरिताच्या, 'गावरान'च्या, अहिराणी गाण्यांच्या, शेतकऱ्याच्या. शहरी मराठीला इस्त्री आणि खान्देशी बोलीला ठिगळं. कुणी कट करून हे ठरवलेलं नाही. सवयीने झालंय. पण सवयसुद्धा काहीतरी बोलत असते. ती म्हणते की ही भाषा जुनी आहे, ओबडधोबड आहे, संपत आलीय, म्हणून गोड आहे.

त्यात आणखी एक घोटाळा. धुळ्याकडची अहिराणी वेगळी, जळगाव-यावल-रावेरकडची लेवा गणबोली वेगळी. बहिणाबाई चौधरींच्या कवितेला सर्रास अहिराणी म्हटलं जातं. ती लेवा गणबोलीच्या वळणाची आहे. आसोद्याला १८८० मध्ये जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्यांच्या कवितेचे फलक आपण सगळ्यांनी पाहिलेत, आणि त्यांतले किती भेगाळलेल्या अक्षरांत असतात तेही पाहिलंय. ज्या बाईची प्रतिमा इतकी नेमकी, शब्द इतका घट्ट बसवलेला, तिला तडकलेलं अक्षर का द्यायचं? निरक्षर होती म्हणून? निरक्षर असणं आणि ओबडधोबड असणं यांत आपण गल्लत करतोय. एकच रफ फॉन्ट अहिराणीला, लेवा बोलीला, शेवभाजीला लावला की सगळ्यांची मिळून एकच 'गावरान' भाजी होते.

*

आता ज्यांना खऱ्या झिजलेल्या अक्षरांचं मोल कळलं होतं त्यांच्याकडे वळू. लांब जायला नको.

चाळीसगावजवळ पाटण्याला एक शिलालेख आहे, शके ११२८ चा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठाला दिलेल्या दानाचा तो लेख. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. मुख्य लेख संस्कृतात, पण शेवटच्या ओळी मराठीत आहेत, आणि त्यांत बाजारातल्या मालावरचा मठाचा वाटा सांगितलाय. मराठीत का? कारण तो व्यापाऱ्याला, तेल्याला समजायला हवा. खान्देशातली मराठी आठशे वर्षांपूर्वी दगडावर आली ती हिशेबाची, नेमकी, कुणाचा किती वाटा ते सांगणारी भाषा म्हणून. कोरणाऱ्याने झीज कोरली नव्हती. अक्षर टिकावं म्हणून कोरलं होतं.

दुसरं ठिकाण याच गावात आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात गेले आणि पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. माणसाने आयुष्यभर दप्तरं गोळा केली. वाळवीने खाल्लेली, ओल लागलेली, घडीवर फाटलेली मोडी पत्रं. जुनं पत्र छापताना संपादक काय करतो? जिथे अक्षर गेलंय तिथे टिंबं देतो. 'इथे काहीतरी होतं, आता नाही' असं प्रामाणिकपणे सांगतो. अंदाज केलाच तर कंसात, वेगळा दाखवून. त्याच्यासाठी गेलेलं अक्षर हे नुकसान आहे. एका गेलेल्या अक्षराने तारीख बदलू शकते, गावाचं नाव बदलू शकतं. भडगावचं मडगाव होऊ शकतं.

अशा गावात बसून आपण गेलेल्या अक्षराची नक्षी करतो, याचा थोडा संकोच वाटायला हवा, एवढंच.

*

मग हा फॉन्ट टाकूनच द्यायचा का? नाही. त्याचीही जागा आहे, आणि जिथे तो शोभतो तिथे फार शोभतो.

जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुईच्या गाठींवर पत्र्याच्या छाप्याने मार्का आणि नंबर मारतात. बारदानाच्या विणीत रंग सगळीकडे सारखा बसत नाही, अक्षर तुटक उमटतं. ते तुटणं गोणपाटाचं आणि घाईत मारलेल्या हाताचं आहे. कापसावरच्या नाटकाचं पोस्टर असेल, अंमळनेरच्या प्रताप मिलसारख्या गिरणीच्या दिवसांवरचं प्रदर्शन असेल, तर हे अक्षर तिथे बोलेल. भयपटाला चालेल, दुष्काळाच्या पोस्टरला चालेल. कारण तिथे खरंच काहीतरी झिजलंय आणि ते सांगायचंय.

दुसरं, जमलं तर फॉन्ट न वापरता अक्षर काढून घ्या. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं आयुष्यभर रेखाटली. हाताने काढलेल्या नावात अक्षर तोडायचं असेल तर कुठे तोडायचं ते तो माणूस ठरवतो. या एका शब्दासाठी, या एका नाटकासाठी. अनुस्वाराला तो हात लावणार नाही. फॉन्टला ही अक्कल नसते. त्यात एकदा पडलेली भेग श ला जन्मभर चिकटते. हुशार फॉन्टमध्ये एका अक्षराची तीन-चार रूपं देऊन ती आळीपाळीने आणता येतात. पण देवनागरीत जोडाक्षरं धरून शेकड्यांनी चिन्हं. प्रत्येकाची चार झिजलेली रूपं कोण काढणार? म्हणून आपल्या वाट्याला एकच चीर येते. आणि रेडियम कटिंगवाल्याला विचारा, या फॉन्टचं नाव काढलं की तो वैतागतो. प्रत्येक ठिपका चिमट्याने उचलायचा असतो त्याला.

तिसरं, हाताची ऊब हवी असेल तर ती झिजेशिवायही मिळते. 'यात्रा वन' नावाचा फॉन्ट आहे, कॅथरिन ली श्मिट यांनी केलेला, मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून. त्यात ब्रशचं वळण आहे, पण रंग उडालेला नाही. हनिफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पेंटर लोकांची अक्षरं गोळा करून फॉन्ट केले आणि त्यांना त्या पेंटरांची नावं दिली. आम्हाला हे महत्त्वाचं वाटतं. त्यांनी पेंटरचं कसब घेतलं. आपण मात्र त्याच्या पाटीला लागलेली धूळ उचलली, आणि पेंटरला घरी बसवलं.

तेव्हा पुढच्या वेळी रफ फॉन्टवर बोट जाईल तेव्हा तीन गोष्टी बघा. इथे खरंच काय झिजलंय? ते कुणाच्या हाताने, कुठल्या उन्हाने झिजलंय? आणि रस्त्यापलीकडून अनुस्वार वाचता येतोय का? तिन्हींना उत्तर असेल तर खुशाल वापरा.

ते कविसंमेलन पुढच्या वर्षी परत झालं. पोस्टर परत आमच्याकडेच आलं, हा संयोजकांचा मोठेपणा. या खेपेला आम्ही त्या पेंटरकाकांकडे गेलो. त्यांनी पुठ्ठ्यावर काळ्या रंगात नाव लिहून दिलं. शिरोरेघ एका दमात ओढली, अनुस्वार चांगले ज्वारीच्या दाण्याएवढे टपोरे दिले. आम्ही तेच जसंच्या तसं छापलं. भडगाव या वेळी भडगावच राहिलं.

बाईंनी पोस्टर बघितलं, काही बोलल्या नाहीत. जाताना एक प्रत मागून घेतली आणि घडी न घालता, गुंडाळी करून नेली.